रिंगमध्ये न आलेली कुत्री

अठरा वर्षं मी पुण्यातल्या एका कुत्र्यांच्या क्लबची चिटणीस होते. असं सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो, मग विचारतो, "म्हणजे नेमकं काय करायचात?" जातिवंत कुत्र्यांचं प्रदर्शन भरवायचो. वर्षातून एकदा, हिवाळ्यातल्या एका शनिवार-रविवारी. एकेका जातीची कुत्री आखलेल्या चौकोनात यायची. त्या चौकोनाला रिंग म्हणतात. परीक्षक त्यांचे दात बघायचे, पाठ चाचपायचे, चालवून बघायचे आणि प्रमाणपत्र द्यायचे. ठरावीक प्रमाणपत्रं जमली की कुत्रा चॅम्पियन. बस, एवढंच. या दोन दिवसांसाठी आम्ही काही माणसं वर्षभर खपायचो.

मी मूळची शाळामास्तरीण, भूगोल शिकवणारी. बिबवेवाडीत आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट. एका पावसाळ्यात घरात डॅशहंड जातीची कुत्री आली, बुटक्या पायांची, लांबोडकी, अंगावर तपकिरी मखमल असल्यासारखी. तिला जुलाब झाले म्हणून कुणीतरी कसबा पेठेतल्या एका जनावरांच्या डॉक्टरांचा पत्ता दिला. डॉक्टरांनी तिला लोखंडी टेबलावर उभं केलं, औषध दिलं आणि म्हणाले, "हिची पाठ बघितलीत का, बाई? ही घरात बसवून ठेवण्याची वस्तू नाही. शोला आणा." डॉक्टर क्लबचे अध्यक्ष होते. मी शोला गेले. कुत्री तिसरी आली. पुढच्या वर्षी मी अर्ज तपासायला बसले, त्याच्या पुढच्या वर्षी चिटणीस झाले. डॉक्टरांना नाही म्हणणं अवघड होतं. ते आग्रह करत नसत, काम तुमच्या हातात ठेवून निघून जात.

तेव्हा शो एका कॉलेजच्या मैदानावर व्हायचा. चार रिंगा, दोन दिवस. कोल्हापूर, सांगली, सोलापूर, कुठून कुठून माणसं आदल्या संध्याकाळीच जीप भरून यायची. सकाळी मैदानावर गेलं की शांपू, पावडर आणि ओल्या गवताचा एकत्र वास यायचा. अर्ज इतके यायचे की मुदत संपल्यावर मी दार लावून घ्यायची. एकदा एक गृहस्थ मुदतीनंतर तासाभराने आले आणि मी नाही म्हटल्यावर आमच्या जिन्यात बसून राहिले. शेवटी आमच्या यजमानांनी त्यांना चहा नेऊन दिला. अर्ज काही मी घेतला नाही. आज वाटतं, घ्यायला हवा होता.

उतरती कळा कधी लागली ते नेमकं सांगता येत नाही. कॉलेजने मैदानावर हिरवं प्लॅस्टिकचं गवत घातलं आणि ते क्रिकेटसाठी तासावर भाड्याने द्यायला सुरुवात केली. कुत्र्यांना तिथे बंदी. मांडववाला, स्पीकरवाला, परीक्षकांचं विमान, त्यांचं हॉटेल, परवानग्या, रुग्णवाहिका, सगळंच दरवर्षी वर चढत गेलं. खर्च भागवायला आम्ही प्रवेशाचं शुल्क वाढवलं, की अर्ज घटले. अर्ज घटले म्हणून पुन्हा शुल्क वाढवलं. हे चक्र आम्हाला दिसत नव्हतं असं नाही, पण दुसरं काही सुचतही नव्हतं. कुत्र्यांचं खाणं विकणारी एक कंपनी बरीच वर्षं मदत करायची. एक वर्ष त्यांचा तरुण अधिकारी आला आणि नम्रपणे म्हणाला, "मॅम, आता आम्ही मॉलमधले पेट फेस्टिव्हल करतो. तिथे फुटफॉल आहे, गर्दी असते." मी ते बघायलाही गेले एकदा. कुत्र्यांना फेटे बांधले होते आणि लोक त्यांच्याबरोबर फोटो काढत होते. गर्दी होती, लोक खूश होते. मला राग यायला हवा होता, पण मी नुसती दमून घरी आले.

आणि एक खरं सांगायला हवं. लोक बदलले होते ते सगळेच वाईट अर्थाने नाही. माझ्या भाचीने रस्त्यावरचं पिल्लू आणलं तेव्हा मी सहज जात विचारली. ती म्हणाली, "आत्या, कुत्र्याची जात विचारायची काय गरज आहे?" यावर मी वर्गात द्यावं तसं उत्तर देऊ शकले असते. दिलं नाही.

आमची कार्यकारिणी शेवटी तिघांवर आली. डॉक्टर, मी आणि खजिनदार. खजिनदारांचं कसब्यात तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान. बोलणं मोजकं आणि तिरकं. त्यांच्याकडे डोबरमन होता, काळाभोर, दुकानाच्या पायरीवर दिवसभर बसणारा. गिऱ्हाईक त्याला घाबरून वर चढत नसे. कुणी त्याबद्दल बोललं तर खजिनदार म्हणायचे, "ज्याला घ्यायचंय तो चढतो." एका उन्हाळ्यात तो डोबरमन मूत्रपिंडाच्या आजाराने गेला. खजिनदारांनी दोन दिवस दुकान बंद ठेवलं. त्यांचे वडील गेले तेव्हा त्यांनी ते एकच दिवस बंद ठेवलं होतं, असं पेठेत लोक बोलत.

माझी डॅशहंडही त्याआधी दोन वर्षं गेली होती. पंधरा वर्षं जगली. शेवटचं इंजेक्शन डॉक्टरांनीच दिलं, त्याच लोखंडी टेबलावर. नंतर मी दुसरं कुत्रं आणलं नाही.

मी सांगणार आहे ते डोबरमन गेल्यानंतरच्या शोबद्दल. देशातल्या सगळ्या क्लबांना तारखा देणाऱ्या वरच्या मंडळाचं पत्र आलं होतं, की ज्या क्लबाकडे ठरावीक आकड्यापेक्षा कमी प्रवेशिका येतील त्यांची तारीख पुढच्या वर्षी दुसऱ्याला दिली जाईल. आम्ही जमेल तेवढी काटकसर केली. एक दिवस, एकच रिंग. परदेशी परीक्षक बंद. दक्षिणेतले एक वयस्क परीक्षक रेल्वेने यायला तयार झाले. जागा म्हणून येरवड्याकडचं एक लग्नाचं लॉन मिळालं, अट अशी की तीन वाजता मोकळं करून द्यायचं, कारण संध्याकाळी रिसेप्शन. नंबर पुकारायला दरवर्षी माणूस ठेवायचो, यंदा ते काम मी घेतलं. माझा आवाज वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचतो, एवढीच माझी पात्रता.

मुदत संपायच्या दिवशी दुपारपर्यंत अर्ज मोजले. आकड्याच्या बरेच खाली होते. चार वाजता डॉक्टर स्वतः आले. पंच्याहत्तरी उलटलेली, तरी दोन जिने चढून. हातात खाकी पाकीट. "माझ्या पेशंटांना जरा धरलं," ते म्हणाले. आत बारा अर्ज होते, शुल्कासकट. मला इतका आनंद झाला की मी त्यांना थांबवून घेऊन कांदेपोहे केले. त्यांनी दोन घास खाल्ले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅटलॉग टाइप करायला बसले. कॅटलॉग म्हणजे शोला आलेल्या कुत्र्यांची यादी: नाव, जन्मतारीख, मालक. पाकिटातला तिसरा अर्ज डोबरमनचा होता. मालक म्हणून आमच्या खजिनदारांचं नाव. मला वाटलं, त्यांनी नवीन कुत्रा आणला आणि आपल्याला बोलले नाहीत. मग जन्मतारीख बघितली. मग नोंदणीचा क्रमांक जुन्या कॅटलॉगशी ताडून पाहिला. तोच कुत्रा होता.

बाकीचे अकराही मी मग एकेक करून तपासले. एक लॅब्रॅडोर होता, त्याच्या मालकीणबाई मला बाजारात भेटून रडल्या होत्या. एक अल्सेशियन, तो तर दुचाकीखाली आला होता. बाराही अर्जांवर अक्षर डॉक्टरांचं. औषधाच्या चिठ्ठीवर असतं तसंच, उजवीकडे झुकलेलं.

मी कसब्यात गेले. डॉक्टरांचा दवाखाना गल्लीतल्या तळमजल्यावरच्या एका खोलीत. आता पेशंट जवळजवळ येत नसत. लोक मोठ्या, वातानुकूलित क्लिनिकमध्ये जात. डॉक्टर खुर्चीत बसून जुने केसपेपर चाळत होते. मी अर्ज टेबलावर ठेवले.

"डॉक्टर, ही सगळी गेलेली कुत्री आहेत."

"हो," ते म्हणाले.

"तुम्ही जिवंत कुत्र्यांच्या मालकांना विचारायचं होतं."

"विचारलं. कुणाला रविवारी वेळ नाही, कुणाला लांब पडतं. एकाने विचारलं, बक्षीस रोख आहे का." त्यांनी चष्मा काढून पुसला. "विचारल्याशिवाय जिवंत कुत्र्याचं नाव घातलं तर मालक भांडायला येईल. गेलेल्यांसाठी कोण येतंय?"

"हे खोटं आहे, डॉक्टर."

"आहे. पण शुल्क खरं आहे, मी भरलंय. कुत्रीही खरी होती. फक्त त्या दिवशी हजर नसतील. गैरहजर तर जिवंत कुत्रीही राहतात." मग चष्मा परत लावत म्हणाले, "हा शो मी सुरू केलेला नाही, बाई. माझ्या आधीच्या माणसांनी केला. माझ्या हातून बंद व्हायला नको, एवढंच वाटतं."

मी विचारलं, "खजिनदारांना काय सांगणार आहात?"

"तो आकड्यांचा माणूस आहे. त्याला समजेल."

मी उठले. दारापर्यंत आल्यावर ते मागून म्हणाले, "तुमच्या डॅशहंडचा अर्जही लिहायला घेतला होता. नाही लिहवला."

कसब्यातून मंडईपर्यंत मी चालत गेले. तिथून बस घेतली. घरी जाऊन अर्ज परत पाठवायचे, चिटणीसपदाचा राजीनामा लिहायचा, असं बसमध्ये बसेपर्यंत नक्की ठरलं होतं. स्वारगेट येईपर्यंत ते तितकंसं नक्की राहिलं नाही. त्या म्हाताऱ्या माणसाने तीस वर्षांचे केसपेपर उपसून, मेलेल्या कुत्र्यांच्या जन्मतारखा शोधून, बारा अर्ज हाताने भरले होते. ते एकट्याने करत बसलेले डॉक्टर मला दिसत राहिले. घरी आल्यावर मी कपाटातून माझ्या डॅशहंडचे कागद काढले आणि तिचा अर्ज भरला. तेरावा. डॉक्टरांनी केलं त्यात त्यांना एकटं सोडायचं नाही, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. बरोबर होतं असं मी आजही म्हणणार नाही.

शोच्या दिवशी सकाळी सातला लॉनवर पोचलो. स्टेजवर आदल्या लग्नाची थर्माकोलची महिरप तशीच होती. कुत्री आली, नाही असं नाही. पश्मी आणि कारवानी या देशी शिकारी जातींची कुत्री घेऊन सीना नदीकडचे काही शेतकरी आले होते. त्यांची उंच, सडपातळ कुत्री त्या लॉनवर इतकी सुंदर दिसत होती, की त्यांच्यासाठी चार रिंगा आखायला हव्या होत्या असं वाटलं. त्यांच्यातल्या एकाने मला विचारलं, "म्याडम, बाकीची मानसं अजून यायचीत व्हय?" मी म्हटलं, "एवढीच आहेत." तो इकडेतिकडे बघत म्हणाला, "आसं हाय का."

खजिनदार आले, खुर्चीत बसले आणि कॅटलॉग उघडला. फोटोकॉपी करून स्टेपल केलेला, यंदा छापलेला नव्हता. मी लांबून बघत होते. पानं उलटताना ते एका पानावर थांबले. बराच वेळ थांबले. मग त्यांनी कॅटलॉग मिटला, खिशातून पेन काढलं आणि पावतीपुस्तक समोर ओढलं. मी जवळ गेले.

"अर्जावर डॉक्टरांचं अक्षर?" त्यांनी विचारलं.

"हो."

"पुढच्या वर्षी कमी पडले तर माझंही नाव घाला," ते म्हणाले आणि पावतीवर शिक्का मारला. तो तिरका बसला.

दहाच्या सुमारास एक तरुण जोडपं फाटकाशी आलं. बरोबर रस्त्यावरची वाटावी अशी पिवळसर कुत्री, गळ्यात नवा लाल पट्टा. मुलगी म्हणाली, "हाय, आम्हाला एंट्री करायची आहे. ऑन द स्पॉट होते का?"

"जात कोणती?"

"इंडी. म्हणजे आपली देशीच."

मी सांगितलं, नोंदणी नसलेल्या कुत्र्याला प्रवेश नाही. ती म्हणाली, "पण रिंग तर रिकामीच आहे." आणि ती खरोखर रिकामी होती. तिची कुत्री खाली बसून माझ्याकडे बघत होती. डोळे स्वच्छ, दात उत्तम, पाय सरळ. माझ्या यादीत तेरा मेलेली कुत्री होती आणि या जिवंत कुत्रीला घेण्याचा मला अधिकार नव्हता. मी म्हटलं, "नियम आहे." मुलगा म्हणाला, "इट्स ओके, आंटी," आणि ती दोघं गेली. माझ्यावर चिडली असती तर बरं झालं असतं.

मग नंबर पुकारायची वेळ आली. जातीचं नाव पुकारायचं, मग एकेक क्रमांक. तीनदा पुकारूनही कुत्रा आला नाही की परीक्षकांनी वहीत गैरहजर लिहायचं. हा नियमच होता, त्यामुळे ते मला टाळता आलं नाही. डोबरमनचा वर्ग आला. त्यात एकच नाव होतं. मी क्रमांक पुकारला. खजिनदार पावतीपुस्तकात खाली बघत होते. दुसऱ्यांदा पुकारला. तिसऱ्यांदा माझा आवाज खाली आला. लॉनवरचा एक माळी झाडांना पाणी घालायचं थांबवून कुत्रा कुठून येतोय ते बघायला वळला.

"गैरहजर," परीक्षक म्हणाले आणि लिहिलं.

असं तेरा वेळा. लॅब्रॅडोरच्या वर्गात दोन जिवंत कुत्री होती, त्यामुळे तिथे निभावलं. डॅशहंडच्या वर्गात पुन्हा एकच नाव. डॉक्टर माझ्या शेजारी उभे होते. कॅटलॉग त्यांनी तोवर बघितलेला नव्हता. मी क्रमांक पुकारला तेव्हा त्यांनी यादीत बोट फिरवलं, नाव वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. मी पुढे बघून दुसऱ्यांदा पुकारलं. तिसऱ्यांदा पुकारायला घेतलं तर घशातून आवाजच निघेना. वर्गात असं कधी झालं नव्हतं. डॉक्टरांनी माझ्या हातातला कागद घेतला आणि तो क्रमांक तिसऱ्यांदा त्यांनी पुकारला.

परीक्षकांनी लिहिलं. मग पेन खाली ठेवून डॉक्टरांना इंग्रजीत हळूच म्हणाले, की त्यांच्या गावच्या शोमध्येही हल्ली अशी बरीच कुत्री येत नाहीत. त्यांना काय समजलं होतं ते मी विचारलं नाही. दोघं म्हातारे क्षणभर एकमेकांकडे बघत राहिले.

दोन वाजताच फुलवाले आत यायला लागले. सर्वोत्कृष्ट कुत्र्याची निवड चालू असताना रिंगच्या एका बाजूला झेंडूच्या माळा लटकत होत्या. एका पश्मी कुत्र्याला बक्षीस मिळालं. टाळ्या दहा-पंधरा माणसांच्या. त्याचा मालक ट्रॉफी घेऊन म्हणाला, "लई मोठी हाय, गाडीत कुठं ठिवू," आणि हसला. त्या दिवशी एवढा एकच माणूस हसताना मी पाहिला.

आकडा भरला होता. वरच्या मंडळाने पत्र पाठवून पुढच्या वर्षाची तारीख आमच्याकडे कायम ठेवली. कुणी काही विचारलं नाही, गैरहजर कुत्री कुणी मोजली नाहीत. पत्र घेऊन मी कसब्यात गेले. डॉक्टरांनी ते दोनदा वाचलं आणि ड्रॉवरमध्ये ठेवलं. मला वाटलं होतं त्यांना बरं वाटेल. ते म्हणाले, "आता पुढच्या वर्षी परत करावं लागेल."

परत करावं लागलंच नाही. लॉनच्या मालकाने पुढच्या हिवाळ्यात कुत्रीच नकोत म्हणून सांगितलं. नवरीच्या घागऱ्याला केस लागतात अशी तक्रार आली होती. दुसरी जागा परवडण्यातली नव्हती. मग आम्ही तिघांनी दवाखान्यात बसून ठरवलं, की दुसऱ्या शहरातल्या एका जुन्या क्लबात आपला क्लब विलीन करावा. तारीख त्यांना द्यावी, निदान शो कुठेतरी होत राहील. पत्राचा मसुदा मी केला, डॉक्टरांनी सही केली. सही करताना त्यांनी पदाचा शिक्काही मागितला.

महिन्याने उत्तर आलं. त्यांनी आमचे मनापासून आभार मानले होते. पुढे लिहिलं होतं, की त्यांच्याकडेही सभासद फारसे उरले नसल्याने तेही विलीन होण्यासाठी एखादा क्लब शोधत आहेत, आणि पुण्याचं नाव त्यांच्या मनात होतं.

मी ते पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. खजिनदार म्हणाले, "चला, मागणी आहे." डॉक्टर खिडकीबाहेर बघत होते. बाहेर गल्लीत कुणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं, ती होत नव्हती.

"उत्तर काय लिहायचं?" मी विचारलं.

डॉक्टरांनी पत्र माझ्या हातून घेऊन त्याची घडी घातली. मग म्हणाले, "पत्र मिळालं, एवढं कळवा."

मी तेवढंच कळवलं.